काकूंचं प्रस्थान

"हे काढ. लागायचं नाही."

असं म्हणत काकू उघड्या बॅगेत सरळ हात घालायच्या. विचारणं नाही, काही नाही. बॅग कुणाची, माणूस कुठे चाललाय, किती दिवसांसाठी, ही चौकशी नंतर. आधी हात आत आणि पहिली वस्तू बाहेर. तुमच्याही सोसायटीत असं एखादं माणूस असेलच, की ज्याला दुसऱ्याच्या घरातला पंखा जोरात फिरतोय हेसुद्धा सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या काकूंचा प्रांत बॅगेचा होता. विंगमध्ये कुणी कुठेही निघालं, की यांना कसं कळायचं देव जाणे, पण बॅग पलंगावर उघडली रे उघडली की काकू दारात हजर.

आम्ही नेरूळला राहायला आलो तेव्हापासून त्या समोरच्या दारात. मूळच्या राजापूरकडच्या. अंगाने बारीक, आवाज मात्र वॉचमनच्या वर. काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, शांत माणूस. मुलगा एकुलता एक, मिलिंद, तो शिकायला म्हणून कॅनडात गेला आणि तिकडेच राहिला. मी तेव्हा बँकेत होते. सकाळी डबे, बस, सहीचं मस्टर, या धावपळीत समोरच्या दारातून कुणी "शुभा, छत्री घेतलीस का? पाऊस नाही, कशाला घेतलीस?" असं विचारलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची.

एकदा आम्ही मनालीला निघालो होतो. मी मोठ्या हौसेने दोन बॅगा भरल्या. काकू आल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "लग्नाला चाललात की फिरायला?" मग त्यांनी माझ्या तीन साड्या काढल्या, केस वाळवायचं यंत्र काढलं, आणि आमच्या ह्यांचा दुसरा स्वेटर काढला. "एका माणसाला एक स्वेटर. माणूस एक, स्वेटर दोन, हा काय हिशोब?" आमच्या ह्यांना बायकांशी वाद घालता येत नाही, आजही येत नाही. मनालीला दुसऱ्याच दिवशी ह्यांनी आहे तो स्वेटर ओढ्यात भिजवला. पुढे सगळे दिवस माझी गुलाबी शाल पांघरून फिरले. सगळ्या फोटोंत गुलाबी. परत आल्यावर मी काकूंना ते फोटो मुद्दाम दाखवले. त्यांनी एकेक फोटो नीट पाहिला आणि विचारलं, "गारठून आजारी पडले का?"

"नाही."

"मग? लागला का दुसरा स्वेटर?"

मी कपाळावर हात मारला आणि चहा टाकला.

त्यांची एक परीक्षा होती. बॅग भरून झाली की ती स्वतः, एकटीने, कुणाचीही मदत न घेता डोक्याच्या वर उचलून दाखवायची. विमानात डोक्यावर ते कप्पे असतात ना, तिथे आपली बॅग आपल्याला ठेवता आली पाहिजे. नाही आली तर काहीतरी काढायचं. पुन्हा उचलायचं. एस.टी.ने कोल्हापूरला जाणाऱ्या माणसालाही हीच परीक्षा. तळमजल्यावरच्या जाडजूड सेक्रेटरींना त्यांनी आमच्या पॅसेजमध्ये बॅग घेऊन तीनदा उठबशा काढायला लावल्याचं मी डोळ्यांनी पाहिलंय. "कुणीतरी उचलून देतं हो काकू," ते बिचारे धापा टाकत म्हणाले. "देतं," काकू म्हणाल्या, "आणि मग तोंड करतं. मी बघितलंय ते तोंड."

ते तोंड त्यांनी कुठे बघितलं, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

मिलिंदचं लग्न झाल्यावर काका-काकू पहिल्यांदा कॅनडाला गेले. तेव्हा काकू तुमच्या-आमच्यासारख्याच होत्या. उलट जरा जास्तच. चार मोठ्या बॅगा. कुळथाचं पीठ, फणसाची साठं, आमसुलं, मेतकूट, भाजणी, वर सुनेसाठी पितळेची पुरणयंत्रं की काय ते. शिवाय विंगमधल्या तीन घरांनी आपापल्या पोरांसाठी दिलेले डबे. आपल्याकडे कुणी तिकडे चाललं की हे असतंच, नाही म्हणता येत नाही. तिकडच्या विमानतळावर हातमोजे घातलेल्या एका माणसाने सगळं टेबलावर मांडलं. पिठाच्या पिशव्या फोडून हुंगल्या. साठं दोन बोटांत धरून उलटंपालटं केलं. आणि मग एकेक वस्तू काकूंच्या देखत कचऱ्याच्या पिंपात टाकली. काकू मराठीत भांडल्या म्हणे. बाहेर मिलिंद कधीचा ताटकळत उभा. ऑफिसातून तासाभराची सुट्टी काढून आलेला. बॅगा गाडीत चढवताना त्याच्या कपाळावर घाम, आणि एकीकडे फोनवर साहेबाला सॉरी, सॉरी. "तो काही बोलला नाही गं," काकू मला सांगत होत्या. "पण त्याने शेवटची बॅग उचलताना जे तोंड केलं, ते माझ्यासमोरून जात नाही."

आईच्या डोळ्यांना काय दिसेल आणि काय टोचेल, सांगता येत नाही. पोरगं दमलेलं असेल, दुसरं काय! पण काकूंनी ते मनाला लावून घेतलं. तिथून पुढे त्यांचा नियम झाला: एकच बॅग, हातातली, वर ठेवायची. काका गेल्यावर त्या एकट्या दोनदा जाऊन आल्या, त्याही तशाच. सामानाच्या पट्ट्यासमोर उभं राहायचं नाही, कुणाला थांबवायचं नाही, दारातून सरळ बाहेर. विंगमधले डबे बंद. "माझ्या बॅगेत जागा नाही" असं तोंडावर सांगून टाकायच्या. बी-विंगच्या एक बाई त्यावरून वर्षभर बोलत नव्हत्या.

त्या एका बॅगेसाठी बाईने काय काय केलं! आयुष्यभर साडी नेसलेली बाई, साठी कधीच ओलांडलेली, तिने एक दिवस दोन पंजाबी ड्रेस शिवून आणले. का, तर साडी जागा खाते. हळदीकुंकवाला ड्रेस घालून आल्या तेव्हा सगळ्या बायका बघत राहिल्या. "साडीत बाई थोडी आणि कापडच फार," काकू म्हणाल्या आणि वाण घेऊन निघून गेल्या. आतून खिसे लावलेली एक बंडी शिवली होती, तिच्यात औषधं. जड बूट पायात, जड स्वेटर अंगात. टूथपेस्टची ट्यूब संपत आलेलीच न्यायची. जवळच्या दिवाळे गावाहून मासे घेऊन एक मावशी गेटवर यायच्या, त्यांना हे सगळं फार चमत्कारिक वाटायचं. काकू मांदेली निवडत असल्या की त्या हमखास विचारणार, "पोराला सुकट पन नेत नाय?"

"नाही गो बाई. वास येतो."

"मग जातेस कशाला गो?"

काकू हसायच्या. मीही हसायचे. आता त्या मावशी आल्या की मी खाली जायचं टाळते.

तर आता मुद्द्याचं. मिलिंदने एका वर्षी सांगितलं की दिवाळी झाली की ये. ईरा, म्हणजे त्याची मुलगी, शाळेत जायला लागली होती, आजी आजी करत होती. व्हिसा लांब मुदतीचा मिळालेला, तिकीट तो तिकडून काढणार होता. दिवसही त्याने कळवला. काकूंनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. नेमकी अमावास्या.

बॅगेच्या बाबतीत ही बाई इतकी व्यवहारी, पण दिवस-वार म्हटलं की पक्की जुनी. मी म्हटलं, "अहो काकू, विमानाला अमावास्या कळत नाही." तर म्हणाल्या, "विमानाला कुठे नातवंड आहे?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगला वार बघून, त्या बॅग घेऊन आमच्याकडे आल्या. नवीन ड्रेस, हातावर दही घेतलेलं.

"प्रस्थान ठेवायला आले," म्हणाल्या.

हे आता फारसं कुणाला ठाऊक नसतं म्हणून सांगते. निघायचा दिवस वाईट असेल तर पूर्वी लोक आधीच्या एखाद्या चांगल्या दिवशी आपल्या सामानातलं काहीतरी शेजारच्या घरी नेऊन ठेवत. एका फडक्यात तांदूळ-सुपारी बांधून ठेवली तरी चालतं. म्हणजे निघणं चांगल्या दिवशी झालं. मग जायच्या दिवशी ती वस्तू तिथून उचलायची आणि तसंच पुढे जायचं. एकदा ठेवलेलं प्रस्थान परत आपल्या घरात मात्र न्यायचं नाही. नेलं तर प्रवास मोडला.

"पण काकू, अख्खी बॅग?" ह्यांनी विचारलं. "सुपारी चालते ना?"

"थोडं कशाला? आहेच केवढं," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी बॅग आमच्या हॉलमधल्या दिवाणाशेजारी भिंतीला टेकवून ठेवली. निळी, मध्यम, चाकांची. तिला हळदीकुंकू लावलं. माझ्या हातावर साखर ठेवली.

त्या आठवड्यातच मिलिंदचा फोन आला. ऑफिसात गडबड आहे, आई, जरा थांब. मी सांगतो.

"चार दिवसांचा तर प्रश्न," काकू म्हणाल्या. "बॅग राहू दे तुझ्याकडे. आता घरात नेता यायची नाही."

चार दिवसांचे काय झाले ते तुम्ही ओळखलंच असेल. ऑफिस झालं. मग थंडी फार आहे, बर्फात कशाला येतेस. मग घर बदलतोय. मग उन्हाळ्यात बघू. प्रत्येक वेळी कारण खरं वाटेल असंच. आणि प्रत्येक वेळी काकू आमच्या दारात येऊन तेवढ्याच ठसक्यात सांगणार, "थोडं पुढे ढकललंय." बॅग आमच्या हॉलमध्येच. पाहुणे विचारायचे, कोण आलंय? मी सांगायचे, समोरच्या काकू गेल्यात. गेल्यात म्हणजे? म्हणजे निघाल्यात. कमाल होती सगळी! बाई समोर स्वतःच्या घरात भात लावतेय आणि प्रवासाला निघालीही आहे.

निम्मा संसार बॅगेत अडकलेला. वाचायचा चांगला चष्मा बॅगेत. लोकरीची बंडी बॅगेत. नवे दोन्ही ड्रेस बॅगेत. कुणाचं लग्न निघालं की काकू आमच्याकडे येऊन ड्रेस काढून न्यायच्या, आणि धुऊन इस्त्री करून दुसऱ्या दिवशी परत ठेवायच्या. औषधांच्या तारखा संपल्या की जुनी काढून नवी. ईरासाठी त्यांनी शिवलेला फ्रॉक होता, तो तिला लहान होईल म्हणून काढला आणि मोठा शिवून ठेवला. तोही पुढे काढला आणि आणखी मोठा शिवला. मी एकदा चिडवलं, "काकू, हे प्रस्थान मोडत नाही का? रोज काहीतरी घरात नेताय."

"बॅग हलली का जागची?"

"नाही."

"मग? गप्प बस."

वकिलाला हार जाणार नाही अशी बाई. पण फोन आला की तिचा आवाज उतरायचा. व्हिडिओ कॉल लावायला त्या माझ्याकडे यायच्या, त्यांना ते बटणांचं जमत नसे. मिलिंद नेहमी एकाच पांढऱ्या भिंतीसमोर बसलेला. ईरा दिसली तर रविवारी, एरवी नाही. "झोपलीय", "क्लासला गेलीय". काकू सगळ्याला हो म्हणायच्या. आणि शेवटी, अगदी फोन ठेवताना, सहज विचारल्यासारखं, "मग कधी येऊ रे?" मिलिंद इकडे तिकडे बघायचा. "सांगतो आई. लवकरच सांगतो." माझा इतका संताप व्हायचा! असं वाटायचं की त्या फोनमध्ये हात घालावा आणि त्याचा कान धरावा. ज्या आईला सहा वर्षांच्या पोरीला नुसतं डोळे भरून बघायचंय तिला ताटकळत ठेवायचं? मी एकदा बोलूनही दाखवलं. काकू माझ्यावरच उखडल्या. "तुझा मुलगा पुण्यात आहे. तुला काय कळतंय तिकडचं?" तीन-चार दिवस फिरकल्या नाहीत. मग आल्या, बॅगेतून चष्मा काढला, पेपर वाचला, चष्मा परत ठेवला आणि गेल्या.

परीक्षा मात्र चालू होती. महिन्या-दोन महिन्यांनी काकू यायच्या, बाह्या सावरायच्या आणि आमच्या शोकेसच्या वर बॅग उचलून ठेवून बघायच्या. विमानातल्या कप्प्याची उंची साधारण तेवढीच, असं त्यांनीच ठरवलेलं. पहिल्या वर्षी सहज गेली. नंतर दोन झटके द्यावे लागायला लागले. मग एकदा बॅग छातीपर्यंत आली आणि तिथेच थांबली. मी पुढे झाले तर ओरडल्या, "हात लावू नकोस! विमानात तू येणारेस का?" खाली ठेवली, चेन उघडली, दोनांतला एक ड्रेस काढला. पुन्हा उचलली. गेली वर.

तुम्हाला सांगते, हे बघणं फार वाईट होतं. पहिल्यांदा मला गंमत वाटत होती, हे तर घरात टाळ्या वाजवायचे. पुढे हे त्या आल्या की बेडरूममध्ये निघून जायला लागले. दर खेपेला काहीतरी निघायचं. शाल निघाली. काकांचा चौकटीतला फोटो निघाला, त्याच्या जागी पाकिटातला छोटा आला. मिलिंदसाठी म्हणून जे एवढंसं कुळथाचं पीठ त्या चोरून न्यायच्या, तेही निघालं. "पिठी आवडते त्याला," म्हणाल्या, आणि ती पुडी माझ्या ओट्यावर ठेवून गेल्या. आम्ही ती पिठी खाल्ली नाही. कशी खाणार?

एक दिवस सकाळी त्या म्हणाल्या, "शुभा, हे चाकांचं वजन केवढं असतं गं?"

मला आधी कळलंच नाही. त्यांनी बॅग आडवी केली आणि मला चाकं दाखवली, आणि तो वर ओढायचा दांडा. लोखंडी. "आतलं सगळं कमी केलं. आता हेच काय ते जड आहे. हे काढून मिळेल का?"

स्टेशनजवळ एक बॅगा दुरुस्त करणारा बसतो, पुलाखाली, चेन-बिन बदलून देतो. आम्ही दोघी रिक्षाने तिथे गेलो. जाताना बॅग आमच्या दारातून उचलली ती थेट लिफ्टमध्ये, समोरच्या त्यांच्या उंबऱ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. दुरुस्तीवाल्याने बॅग बघितली, चाकं फिरवून बघितली. "आजी, एकदम टकाटक आहेत. काय प्रॉब्लेम?"

"काढून टाक."

"अहो लोक माझ्याकडे चाकं लावायला येतात!"

"मी काढायला आले. दांडापण काढ."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? त्याने पक्कड घेतली. पैसे घ्यायला तो तयार नव्हता, तर काकूंनी त्यालाही झापलं. काढलेली चाकं त्याच्याकडेच ठेवून आम्ही परत आलो. येताना काकू खूश होत्या, बॅग एका हातात धरून रिक्षातून उतरल्या. त्या दिवशी बॅग शोकेसवर गेली. आमच्याकडे चहा घेतला, बरोबर दोन खारी बिस्किटं खाल्ली. त्यांना इतकं आनंदात मी नंतर पाहिलं नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात त्या खूप खंगल्या. तपासण्या झाल्या, गोळ्या वाढल्या, भाजी आणायला जायचं बंद झालं. मी मिलिंदला फोन करते म्हटलं तर हातच धरला. "त्याला काही सांगायचं नाही. तो कामं टाकून येईल आणि त्याची नोकरी जाईल." मी गप्प बसले, कारण त्यांना शपथा घालायची सवय होती.

शेवटचं आल्या ती एक दुपार होती. ऊन हॉलमध्ये आलेलं. मी कोथिंबीर निवडत होते. काकू भिंतीला धरत धरत आल्या, बॅगेपाशी उभ्या राहिल्या. आत तेव्हा काय होतं? एक ड्रेस, फ्रॉक, औषधाचं पाकीट, चष्मा. कापडी पिशवीत मावेल एवढं. त्यांनी दोन्ही हातांनी बॅग धरली. कमरेपर्यंत आली. तिथून वर जाईना. बॅग खाली ठेवली. चेन उघडून आत बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि काही न काढता चेन लावली. मग दिवाणावर बसल्या. मी पाणी दिलं. मी परत कोथिंबीर निवडायला घेतली. जाताना त्या माझ्याशी एक वाक्य बोलल्या, ते मी पुढे सांगते.

पुढच्याच आठवड्यात काकू न्हाणीघरातून बाहेर येताना पडल्या. हॉस्पिटलमध्ये नेलं, पण हृदय थकलेलं होतं, दुसऱ्या दिवशी गेल्या. मी मिलिंदला फोन केला. मी त्याला एक शब्दही प्रेमाने बोलले नाही.

तो आला. मी दार उघडलं तेव्हा ओळखलंच नाही. फोनवर नुसता चेहरा दिसतो. माणूस एवढा वाळलेला असेल असं वाटलं नव्हतं. खांद्याला एक सॅक, बाकी काही नाही. दिवस नेरूळलाच केले. सूनबाई आल्या नाहीत, ईरा आली नाही. विंगमधल्या बायका कुजबुजल्या, त्यांत मीही होते. मनात म्हटलं, आई जिवंत होती तेव्हा वेळ नव्हता, आता आलाय कावळ्याला पिंड द्यायला. तेराव्यानंतर तो आमच्याकडे आला. परत जायचं होतं. मी निळी बॅग त्याच्यापुढे नेऊन ठेवली.

"ही तुझ्या आईची. प्रस्थान ठेवलं होतं तिने इथे. तुझ्याकडे यायचं म्हणून." आणि मी सगळं सांगितलं. मुद्दाम सांगितलं, काही राखलं नाही. शोकेस, शाल, फोटो, पिठी, चाकं. तो मान खाली घालून ऐकत होता. मग त्याने बॅग उघडली. फ्रॉक हातात घेतला.

"शुभाताई," तो म्हणाला, "तिकडे घरच नाहीये."

"म्हणजे?"

"आमचं मोडलं. आईने बॅग तुमच्याकडे ठेवली ना, त्याच आठवड्यात. घर गेलं, नंतर नोकरीपण गेली. एका घराच्या तळघरात खोली घेऊन राहतोय, दुसऱ्या एका मुलाबरोबर. ईरा रविवारी भेटते. लायब्ररीत भेटतो आम्ही, खोलीवर तिला नेता येत नाही. ती पांढरी भिंत… बाकीची खोली दिसू नये म्हणून तिथे बसायचो." त्याने फ्रॉक मांडीवर ठेवला. "आईला कुठे ठेवलं असतं? एका माणसाचा पलंग आहे. आणि तिला काय सांगायचं? वाटलं, जरा सावरतो, दोन खोल्यांचं बघतो, मग बोलावतो."

मी इतका वेळ उभी होते ती बसले. ह्यांनी आतून येऊन पंखा लावला आणि परत गेले.

"अरे बाबा," मी म्हटलं, "हे बघ ना. ही एवढीशी बॅग. खाली चटई टाकून झोपली असती रे ती. केवढी जागा लागली असती तिला?"

त्याने फ्रॉकची घडी घातली, मोडली, परत घातली. इतके दिवस मी त्याच्यावरचा राग धरून उभी होते, सगळं निभावलं ते त्या रागावर. तो राग तिथल्या तिथे गेला आणि मला फार एकटं वाटलं. एकमेकांना त्रास नको म्हणून मायलेक एवढी वर्षं गप्प बसले आणि आमच्या हॉलमध्ये ती बॅग रिकामी होत गेली. यात रागवायचं तरी कुणावर?

मग त्याने मान वर करून विचारलं, "मी बोलवत नव्हतो तेव्हा आई काय म्हणायची हो?"

आता ते वाक्य. त्या दुपारी काकू दिवाणावरून उठल्या, दारापर्यंत गेल्या, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझंच काहीतरी जास्त होत असेल गं त्याला. काय ते कळत नाही, नाहीतर तेही काढलं असतं."

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. डोळे अगदी आईचे.

"काही नाही म्हणायची," मी म्हटलं. "पोरगा कामात आहे म्हणायची."

"हो," मिलिंद म्हणाला. "कामात होतो." आणि तो फ्रॉक तोंडाशी धरून रडायला लागला.